आप्पाच्या कॉम्प्युटरातला आवाज

आईची शपथ, हा किस्सा शंभर टक्के खरा आहे. म्हणजे, बराचसा.

राजारामपुरीत आमच्या आप्पा चौगुलेचा नेट कॅफे होता. त्याच्या बायकोनं एकदा गंमत म्हणून काउंटरवरच्या कॉम्प्युटरात आपला आवाज भरून ठेवला. मशीन चालू केलं की ती विचारायची, "अहो, जेवला का न्हाय?" पुढं ती गेली. तिचा आवाज म्हणून आप्पाकडं तेवढाच उरला.

मग त्याच मशीनला व्हायरस लागला. त्यानं इंटरनेटची सेटिंगच फिरवली. बँकेची साइट उघडा नाहीतर निकालाची, समोर उघड्या बायकाच. पोरीचा निकाल बघायला आलेल्या एका मास्तरांनी तडक पोलिसांत तक्रार दिली.

हवालदार मशीन उचलायला लागले, तसा आप्पा आडवा आला.

"साहेब, पाहिजे तर मला आत टाका, पण ह्यातलं काय पुसू नका."

"पावणं, तुम्हाला आत टाकून व्हायरस मरतोय व्हय?"

बऱ्याच दिवसांनी मशीन परत आलं. हवालदार खुशीत म्हणाले, "सगळं पुसून एकदम नवं करून दिलंय बघा!"

आप्पानं बटण दाबलं. आम्ही दोस्तमंडळी श्वास रोखून उभे. आणि आतून आवाज आला, "अहो, जेवला का न्हाय?"

आप्पा हळूच म्हणाला, "जेवलो की."

आता खरं सांगतो. तो आवाज मी पदरचा घातला. मशीनमधून नुसती कंपनीची धून वाजली होती.

आप्पाचं उत्तर मात्र खरं आहे.