मामांचा पंप

वाळूचा विषय निघालाच आहे, तर पाचोडच्या मामांच्या जीपचं सांगते.

मी नुकतीच परदेशातून शिकून आले होते आणि इथलं सगळं सुधारायला निघाले होते. मामा-मामींना आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायचा होता, म्हणून आम्ही कोकणात निघालो. जीपमध्ये पायानं दाबायचा हवेचा पंप दिसला. "मामा, हे भंगार कशाला?" म्हणत मी तो उतरवून ठेवला. मामा काहीच बोलले नाहीत.

समुद्र दिसताच मामांनी हौसेनं जीप थेट पाण्याकडे घातली आणि चाकं वाळूत रुतली. भरती चढत होती. शेतात करतात तशी मामांनी चाकांखाली पोती सारली, तीही गडप झाली.

"चारही चाकांची हवा कमी करा," मी म्हटलं.

"येडी झाली का गं? हवा काढून गाडी निघती व्हय?"

"चाक पसरतं मामा, मग रुतत नाही. एकदा ऐका तरी!"

लाट मागच्या चाकाला लागली, तेव्हा त्यांनी ऐकलं. जीप हळूहळू बाहेर आली. मामी टाळ्या वाजवत होत्या, मी फुशारले होते.

रस्त्यावर आलो, तर चाकं बसलेली आणि जवळ पंक्चरचं एकही दुकान नाही. मामांनी सीटखालून तोच पंप काढून माझ्या पायाशी ठेवला.

"हवा काढायचं तिकडं शिकलीस, लई भारी. आता भरायचं इथं शीक."

चारही चाकं मी भरली. मामी शेंगा खात बघत होत्या.

आता मामा नाहीत, जीपही नाही. पंप माझ्या गाडीत सीटखाली असतो. त्याला कुणी भंगार म्हटलं, की मी काहीच बोलत नाही.