तीन पत्त्यांवर उठणारे वानखडे सर

आदरणीय अध्यक्ष गोवर्धनजी साहेब, व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती प्रा. नागसेन वानखडे सर, सौ. भागीरथाताई, मूर्तिजापूरहून आलेली वानखडे मंडळी, माझे सहकारी आणि मित्रहो,

प्राचार्य म्हणून निरोपाचं हे माझं सत्ताविसावं भाषण. खरं सांगतो, थकलो आहे. दरवेळी मी म्हणतो की ही पोकळी भरून निघणार नाही, आणि सोमवारी नवं वेळापत्रक लागलं की ती भरते. आज ते वाक्य म्हणवत नाही.

सरांनी एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, हे आपण जाणताच. पण शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये त्यांनी आम्हा चौघांना पत्त्यांचा एक उलटा खेळही शिकवला, हे अध्यक्षांना ठाऊक नसावं. साहेब, पैसे नव्हते हो, चिंचोके लावायचो. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, एक उघडा. मग एकेक करत सात. दर पत्त्याला चिंचोके वाढवायचे. शेवटी ज्याचे पत्ते सगळ्यांत लहान, तो जिंकला. या खेळात राजा म्हणजे नुसतं ओझं.

खेळायचं की पत्ते टाकून उठायचं, हे पहिल्या तीन पत्त्यांवरच ठरवायचं असतं. आम्ही कोणी उठायचो नाही. पंगतीतून मधेच उठणं आपल्याकडे बरं दिसतं का? राणी घेऊनसुद्धा सातव्या पत्त्यापर्यंत बसायचो आणि हरायचो. सर मात्र उठायचे. जो पहिला उठेल त्यानं चहा ठेवायचा, असा रिवाज. त्यामुळे चहा बहुतेक वेळा त्यांचाच. पाठीमागे आम्ही त्यांना भित्रे म्हणत होतो. मीही म्हटलं आहे.

आमच्या चौघांतल्या दामिनी मॅडमनी एकदा विचारलं, "सर, तुमचे पत्ते त चांगले होते, काहून उठले?"

सर म्हणाले, "समोर एकच जन असता त दाबून लावलं असतं. इथं चौघं हायेत, तिघायपुढं दुर्री-तिर्री उघडी हाये. आपला हात पाहून भागत नाही मॅडम, मांगं कोन कोन बसलं हाये ते पाहा लागते."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. दोनच मिनिटं, साहेब.

सहा वर्षांपूर्वी प्राचार्यपदाची जाहिरात निघाली. आमच्या कॉलेजातून अर्ज दोन, सरांचा आणि माझा. ते चार वर्षांनी ज्येष्ठ, पीएचडी झालेले, माझी अर्धवट. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझं वर बोलणं झालंय." कुणाशीही बोलणं झालं नव्हतं. निव्वळ थाप होती. दुसऱ्या दिवशी सरांनी अर्ज मागे घेतला आणि नेहमीसारखा चहा ठेवला. मला वाटलं, थाप लागू पडली. सहा वर्षं मी त्या खुर्चीत मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत बसलो आहे.

गेल्या मंगळवारी सर कपाट रिकामं करत होते. मी विचारलं, "वानखडे, तेव्हा का उठलात?"

पुस्तकं बांधता बांधता ते म्हणाले, "तुमची थाप मले त्याच दिवशी समजली होती, सर. तुमच्यापुढं राजा उघडा पडला होता. तुमी एकटेच असते त मी बसलो असतो. पन तुमच्या मांगं निवड समितीतले तिघं होते."

"त्यांनी तर तोंडही उघडलं नव्हतं. त्यांचे पत्ते तुम्हाला कसे दिसले?"

"ते त तीस वर्सांपासून उघडेच हायेत, सर."

त्या तिघांपैकी दोघं आज व्यासपीठावर आहेत, आणि मीही. माझ्या आडनावाला त्या दिवशी थाप मारायची गरजच नव्हती, हे मला मंगळवारी कळलं. त्यांना ते अर्ज भरतानाच माहीत होतं. तरी त्यांनी अर्ज भरला होता. मित्रहो, त्यांना भित्रं म्हणणारा मी त्यांच्या जागी अर्ज तरी भरला असता का?

सर आता अमरावतीला लेकीकडे, पायलकडे राहायला जात आहेत. तिथं त्यांना स्वस्थता लाभो.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. जे बोलण्यात नव्हे तर वागण्यात झालं, त्याची माफी मात्र सभागृहाकडे मागून चालणार नाही. ती वानखडे सर, मी तुमच्याकडे मागतो. सगळ्यांसमोर मागितली म्हणून द्यावीच लागेल, असं नाही.