वर बर्फ आहे, आई

…नको, तो हार मला घालू नका, तो दादासाठी आणलाय. तुम्ही त्याच्याच गळ्यात घाला, मी तोवर माइक खाली करून घेते. आधीचे वक्ते उंच होते.

हं. मागे ऐकू येतंय ना?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या सर्व्हिस सेंटरचे मालक, आवर्जून आलेले पाहुणे, मधोमध बसलेले सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी वहिनी, आणि समोर दाटीवाटीने बसलेले माझे सहकारी व त्यांची घरची माणसं, सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्ती माझे थोरले भाऊ. ते फ्रिज दुरुस्त करतात आणि मी तक्रारींचे फोन घेते. लोकांची कटकट आधी माझ्या कानात आणि मग त्यांच्या हातात, अशी आमची वाटणी. ऑफिसात मी त्यांना साहेब म्हणते. आज दादा म्हणणार आहे, त्याबद्दल अध्यक्षांनी राग मानू नये.

अध्यक्ष आत्ता म्हणाले की दादाचं निदान कधी चुकलं नाही. मानपत्रातही तसंच छापलंय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण शेजारची माझ्याकडे बघत होती. पण टाळ्या वाजवताना मला किळस येत होती. कशाची, ते सांगायला उभी आहे.

आपल्याकडे एक रीत आहे. मेकॅनिकच्या स्वतःच्या घरची तक्रार आपण नोंदवत नाही. हसू नका, तुम्हाला ठाऊक आहे. घरचाच माणूस आहे, रविवारी बघेल. तो रविवार कुणाच्या घरी आलाय का कधी?

आमची आई दादाकडे राहायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती त्याला म्हणाली, "अरे, खाली दूध टिकत नाही. आणि तो आतला घुर्र आवाज बंद झालाय." दादा कामावरून दमून आला होता. त्याने वरचं दार उघडलं, बर्फाच्या ट्रेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "वर बर्फ आहे, आई. दगड झालाय नुसता. तू दार सारखं उघडतेस, म्हणून खाली तसं होतं."

इथल्या मंडळींना हे सांगायला नको, पाहुण्यांसाठी सांगते. अशा फ्रिजमध्ये गारवा वर तयार होतो, फ्रीझरच्या पाठीमागे. तिथला एक लहानसा पंखा तो गारवा खाली ढकलतो. पंखा बंद पडला तर वर बर्फ होतच राहतो आणि खाली उरतं ते कपाट. दिवा असलेलं कपाट. 'वर बर्फ आहे, खाली नासतंय' हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय की पलीकडचा माणूस श्वास घेतो तेव्हाच माझ्या हाताने 'पंखा' लिहिलेलं असतं. दादाला हे कळत नव्हतं का? कळत होतं. गिऱ्हाईक बोललं असतं तर पहिल्या वाक्याला कळलं असतं. आई बोलली.

मग फ्रिजला वास यायला लागला. वहिनींनी आत लिंबाच्या फोडी ठेवल्या, वाटीत खायचा सोडा ठेवला. वहिनी, रागावू नका, त्या फोडी मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर बुरशीची लव आली होती. डब्यातल्या भाजीला तार सुटली होती. आणि त्याच फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, आईचं इन्सुलिन होतं.

आईची साखर चढायला लागली. इंजेक्शन वेळेवर, पथ्य नेहमीचं, तरी साखर वर. तेव्हा घराने निदान केलं की म्हातारी चोरून गोड खाते.

उशीखाली शोधलं. खाऊच्या कपाटाला कडी लागली. नातवंडांना सांगितलं, आजीवर लक्ष ठेवा. धाकटी तर मोठी जबाबदारी मिळाल्यासारखी तिच्या मागे मागे फिरायची. आणि एकदा दादाने आईला खिडकीशी उजेडात उभं केलं, तोंड उघडायला लावलं आणि वास घेतला.

अध्यक्ष पाण्याचा ग्लास शोधताहेत. समोरच आहे, उजवीकडे.

आईच्या तोंडाचा वास घ्यायला ज्याला सुचलं, त्याला फ्रिजचा वास आला नाही. मला किळस आली ती याची. तार सुटलेली भाजी टाकता येते, डबा घासता येतो. हे कशाने घासायचं?

एका दुपारी ऑफिसात फोन वाजला.

"फ्रिज दुरुस्तीवालेच ना?"

आवाज मी ओळखला. तिनेही माझा ओळखला असणार. पण ती म्हणाली, "तक्रार लिहून घ्या, बाई. वर बर्फ आहे, खाली नासतं. आतला आवाज बंद झालाय."

"आई, अगं..."

"आई काय आई. गिऱ्हाईक आहे मी. गिऱ्हाईकाचं ऐकतात म्हणे तुमच्याकडे." मग जरा हळू आवाजात, "माणूस पाठव. माझ्या मुलाला नको पाठवू. तो नावाजलेला आहे."

मी ती तक्रार नोंदवली. रीत मोडली, मालकांनी ऐकून घ्यावं. आणि आपले दुसरे मेकॅनिक, ज्यांना आपण सगळे मामा म्हणतो, त्यांना घेऊन गेले. ते बघा, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेत.

मामांनी फ्रीझरचं दार उघडलं. दार उघडलं की पंखा आपोआप थांबतो, म्हणून त्यांनी चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरलं. फ्रिजला वाटावं, दार लागलंय. मग कान लावला. मला म्हणाले, "ताई, जरा श्वास रोखा, तुमचाच पंखा ऐकू येतोय." मी रोखला. काही नाही. खाली जिथून गार वारा यायचा तिथे कागदाची पट्टी धरली. हलली नाही. आतलं झाकण काढलं. पात्यांत बर्फ अडकला नव्हता, बोटाने ढकलली तर ती फिरत होती. मीटर लावला, वीज येत होती. मामा म्हणाले, "अडथळा नाही, वीज आहे, तरी फिरत नाही. मोटार गेली."

आई स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "मी दुसरं काय सांगत होते?"

"आजी, तुम्हाला आमच्याकडे कामाला लावून घेतो."

"नको रे बाबा. मग घरचे मुळीच ऐकणार नाहीत."

मी इन्सुलिनचा खोका उचलला. खोलीइतकाच कोमट होता. इतक्या दिवसांच्या उकाड्यात त्यातला जोर गेला होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आईला मी माझ्या घरी आणलं. औषध नवं, जेवण तेच. साखर उतरली. चोर सापडला.

दादाने नवा पंखा स्वतः बसवला, सुरेख बसवला. घरात सांगितलं, "जुना झाला होता, बदलला." कपाटाची कडी निघाली. पण नातवंडांना कुणी काही सांगितलं का? त्यांच्या लेखी आजीने चोरी केली आणि आजीला आत्याकडे धाडलं. गेल्या आठवड्यात धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, तू तिकडेपण लपून खातेस का?" आई हसली, फोन ठेवला आणि संध्याकाळी जेवली नाही.

मघाशी व्यासपीठावरून घोषणा झाली की दादा आता नोकरीतून मोकळा झाला, आईला घरी नेणार, तिची सेवा करणार. आई आज आलेली नाही. तिचे पाय दुखतात असं मी सगळ्यांना सांगितलं. पाय दुखत नाहीत. ती म्हणाली, "त्या घरात चोर म्हणून मला पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

दादा, तुझ्या हाताला यश आहे, ते मी नाकारत नाही. माझ्या फोनवरची किती रडणारी माणसं तू हसवलीस. शाल ठेव, मानपत्र ठेव. फक्त मुलांना समोर बसव आणि सांग, 'आजीने काही खाल्लं नव्हतं, फ्रिज बिघडला होता आणि मी तिचं ऐकलं नाही.' शेवटचा तुकडा गाळू नकोस. तो गाळलास तर आईला माझ्याकडेच राहू दे.

अध्यक्षांच्या हाताशी घंटी होती आणि त्यांनी ती वाजवली नाही, त्यांचे आभार. मामांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी खुर्च्या न सरकवता ऐकलंत, तुमचेही. शब्द कडू झाले असतील, प्रसंगाला शोभले नसतील, तर ते पोटात घाला. मी बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मुलांना घेऊन माझ्या घरी आला. आई भाजी निवडत होती. तो बसला नाही, उंबऱ्याशी उभं राहूनच बोलला, काही न गाळता. आईने मान वर केली.

"धाकटी बाहेर चपला काढत होती," ती म्हणाली. "तिला ऐकू गेलं नाही. परत सांग."

त्याने परत सांगितलं.