उकाड्याची पाहणी

पंखा वाढव रे जरा. तुमच्याकडे बरंय, बटण फिरवलं की झालं. आमचं गोदाम उरण रोडला, वर नुसता पत्रा. एप्रिलमध्ये पॅकिंगवाली सुनंदा चक्कर येऊन पडली, तेव्हा मी एक्झॉस्ट फॅनसाठी तक्रार द्यायचं ठरवलं. आमचे युनियनचे प्रतिनिधी म्हात्रेदादा म्हणाले, "आधी सुपरवायझर, मंग मॅनेजर, मंग कमिटी. पायरी सोडायची नाय. सोडली का अर्ज बाद."

नाही सोडली. सुपरवायझरने अर्जावर लिहिलं, "माझ्या अधिकारात नाही." मॅनेजर म्हणाले, "बघतो." त्यांच्या बघण्यात दिवाळी गेली. मी दर वेळी पोचपावतीवर शिक्का घेत होतो, आणि सुनंदा डोक्यावर ओला रुमाल ठेवून खोकी भरत होती.

शेवटी कमिटी पाहणीला आली. जानेवारीत, सकाळी आठ वाजता. कमिटीचे साहेब स्वेटर घालून त्याच पत्र्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "इथे तर छान गार आहे की! कुठे आहे उकाडा?" मग "तक्रारीत तथ्य नाही" असं लिहून निघून गेले.

म्हात्रेदादा खोक्यावर टेकले. "जाऊं दे. उन्हाळ्यात नवीन अर्ज दे."

"उन्हाळ्यात कशाला, दादा? आत्ताच देतो."

"आता काय लिवशील?"

"गोदामात फार थंडी वाजते, असं लिहितो. म्हणजे पाहणीला मे महिन्यात येतील."