घरबसल्या, पुलावर

घरबसल्या! म्हणे घरबसल्या! तुम्हाला सांगतो, हा शब्द ज्यानं काढला ना, त्याला एकदा माझ्या घरी आणून बसवा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पाइसवुडच्या घळीत, दोन्हीकडे डोंगर, मध्ये ओढा, ओढ्याकाठी माझं घर, आणि त्याच्या हातात फोन देऊन म्हणा, लाव बाबा, लाव आता तुझ्या डॉक्टरला! रेंज? अहो, आमच्या घळीत ऊन पोचायला दुपार होते, तिथे रेंज कुठून येणार?

आणि ती विम्याची पोरगी! काय गोड आवाज! आधी मरणाचा वेळ बाजा ऐकवतात आणि मग ही येते लाइनवर. "अभिनंदन, सर! तुमच्या व्यसनाच्या उपचाराचा सगळा खर्च विम्यात बसतो बरं का! आणि कुठ्ठे म्हणून जायला नको, सर! घरबसल्या! पलंगावर बसून! पायजम्यात!" पायजम्यात! मी म्हटलं, अगं बाई, मी पायजमा घालतच नाही. तर म्हणते, "जसं तुम्हाला सोयीचं वाटेल तसं, सर!"

व्यसन कसलं म्हणता? गोळ्यांचं. दुखण्यावरच्या गोळ्या हो, अफूच्या जातीच्या. मी आणि डेन्व्हर ब्लँकनशिप, आम्ही दोघं जोडीनं कोळशाच्या खाणीत छताला लांबलांब खिळे ठोकायचो, छत पडू नये म्हणून. आणि एक दिवस पडलं. माझ्याच पाठीवर! डॉक्टरनं गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. मग वॉनेटा गेली, माझी बायको... देवाघरी नाही हो, ओहायोला, बहिणीकडे. जाताना कॉफीचं भांडं नेलं, भिंतीवरचं घड्याळ नेलं, मी शिकार केलेल्या हरणाचं मुंडकं तेवढं खुंटीवर ठेवलं. म्हणाली, "असू दे तुला सोबत."

आता आमच्याकडे एक रीत आहे. गाडी चालवताना समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं. पहिलं बोट, भलतं नाही! हात हलवायचा नाही, उगाच दात काढायचे नाहीत, नुसतं बोट. ओळखीचा असो, नसो, कोर्टात केस चालू असो, बोट म्हणजे बोट! तर माझ्या त्या गोळ्यांच्या काळात लोकांनी बोट करायचंसुद्धा सोडलं. एकेक करत सगळ्यांनी. डेन्व्हरनंसुद्धा! समोरून कोळशाचा ट्रक घेऊन येतो, माझी पिकअप ओळखतो, आणि बोट स्टिअरिंगला चिकटलेलं! काय लकवा मारला होता बोटाला? मी आपला माझं वर करून बसायचो. बराच वेळ.

म्हणून तर मला हे घरबसल्या पटलं ना! दवाखान्यासमोर गाडी लावायला नको, कुणाच्या नजरा नकोत. औषधाची एक पातळ पट्टी, ती जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. बोलायचं नाही! मला! तुम्ही बघताय ना मी कसा आहे तो? पण खरं सांगू... सकाळी स्वयंपाकघरात बोलायला असतं कोण? पहिल्या दिवशी पट्टी केव्हाच विरघळून गेली आणि मी आपला तासभर गप्पच. लक्षातच आलं नाही.

पण पट्टी लागू पडली हं. घाम थांबला, हाडांतली ओढ थांबली, मी माणसासारखा जेवायला लागलो. मात्र दर गुरुवारी व्हिडिओ कॉल. कॉल चुकला तर औषधाची चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही तर पट्टी नाही, आणि पट्टी नाही तर... ते मी एकदा बघून आलोय, पुन्हा जायचं नाही मला तिकडे.

मग रेंज कुठे? तर टग नदीच्या पलीकडे, बिस्किटांच्या, म्हणजे आमच्याकडच्या गरम मऊ पावांच्या, दुकानासमोर. पण पलीकडे म्हणजे केंटकी, दुसरं राज्य! व्हिडिओवरच्या माझ्या डॉक्टर डेल्फीनबाई, त्यांचा परवाना वेस्ट व्हर्जिनियाचा, माझा विमा वेस्ट व्हर्जिनियाचा, रुग्णानं नदी ओलांडली की परवानाही गार आणि विमाही गार. आणि बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "होबर्ट, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"घरी, बाई! जाणार कुठे?"

खोटं तर खोटं, पण नीटनेटकं! पिकअपच्या मागच्या काचेवर मी वॉनेटाचा फुलाफुलांचा पडदा लावला. तरी घरासारखं दिसेना. मग हरणाचं मुंडकं नेलं. ते वळणावर पडायला लागलं, म्हणून त्याला पट्टा बांधला, सीटबेल्ट हो! दर गुरुवारी आम्ही दोघं निघायचो पूल ओलांडून, घरबसल्या उपचाराला!

बाई फार चांगल्या. झोप लागते का, गोळीची आठवण येते का, शौचाला साफ होते का... हसू नका, त्या पट्टीनं पोट असं बसतं की काय सांगू! आणि सगळ्यात शेवटी, हळू आवाजात, "एकटं वाटतं का, होबर्ट?" मी म्हणायचो, छे छे, मजेत आहे, बाई! नाहीतर काय सांगणार? आठवडाभरात मला प्रश्न विचारणारं एकच माणूस, त्याच्यासमोर रडगाणं गायचं?

आणि मग तो गुरुवार. सकाळी शेवटची पट्टी जिभेखाली गेलेली, पाकीट रिकामं. कॉल लागला. "होबर्ट, तुम्ही आत्ता कुठे आहात?" "घरी, बाई!" आणि तेवढ्यात त्या दुकानाचा भोंगा कोकलला, "या या! केंटकीतली सगळ्यात गरम बिस्किटं! ग्रेव्ही हवी का ग्रेव्ही?"

बाई गप्प. मी गप्प. हरीण तर गप्पच.

"होबर्ट, तुमच्या घरात बिस्किटांचं दुकान कधी निघालं?"

मी म्हटलं, बाई, ते... टीव्ही...

"आणि हरणाला सीटबेल्ट कशाला?"

संपलं! मी म्हटलं, बाई, पाया पडतो, उद्याला माझ्याकडे पट्टी नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही केंटकीत आहात हे कळल्यावर मला एक शब्द पुढे बोलता येत नाही. पण पुढचा रुग्ण यायला थोडा अवकाश आहे. फोन कापू नका आणि धावा. वेस्ट व्हर्जिनियात पाय ठेवलात की हाक मारा."

धावलो हो! ही पाठ घेऊन धावलो! आमच्या पुलावर दोन राज्यांची हद्द डोळ्यांना दिसते, कारण दोघं आपापल्या अर्ध्याच पुलावर डांबर टाकतात. केंटकीचं काळं, आमचं पांढुरकं, खड्ड्यांचं. पांढुरक्यावर दोन पावलं गेलो तर रेंजची एक काडी होती. तिसऱ्या पावलाला ती पण जात होती! म्हणून तिथेच रोवून उभा राहिलो, भर रस्त्यात, पुलाला पायवाट कुठली! मागून ट्रक, पुढून ट्रक, भोंगे, धूळ, आणि मी फोन डोक्यावर धरून ओरडतोय, "बाई! आलो! वेस्ट व्हर्जिनिया!"

"झोप लागते का?"

"लागते!"

"गोळी घ्यावीशी वाटते का?"

"मंगळवारी वाटली! घेतली नाही!"

"शौचाला?"

"काय?"

"शौचाला होते का!"

"नाही! रविवारपासून नाही!"

गोष्ट लपवायची म्हणून घरबसल्या घेतलं होतं मी! आता दोन्ही राज्यांना माझं पोट कळलं! ट्रकवाले बघतायत, आणि मी मधे उभा म्हणून एकेक गाडी थांबत गेली, इंजिनं बंद होत गेली. मला कुठे पत्ता! मी आपला तसाच बेंबीच्या देठापासून ओरडतोय. आणि बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला.

काय झालं मला, देव जाणे. धाप लागली होती, खोटं रचायला दमच नव्हता. मी ओरडलो, "हो! वाटतं! फार एकटं वाटतं, बाई!"

आणि मग ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाहीये. एक इंजिन नाही, एक भोंगा नाही. खाली नदी तेवढी. सगळ्यात पुढचा ट्रक डेन्व्हरचा. काच खाली. सगळं ऐकलेलं.

बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. चिठ्ठी पाठवते." फोन बंद. मी कठड्याला चिकटलो. गाड्या सुरू झाल्या. डेन्व्हर हळूहळू शेजारून गेला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पुढे नजर... आणि बोट वर! एक बोट! मी त्या कठड्याला धरून रडलो हो, लहान पोरासारखा रडलो.

मग काय, दर गुरुवारी मी पुलावर, उघड उघड, पांढुरक्या डांबरावर. येणारा जाणारा बोट करतो. डेन्व्हर तर ट्रक थांबवून कोकलतो, "काय लेका होबर्ट, झाली का?" मी म्हणतो, तुझ्या बापाला विचार! तो हसतो, मी हसतो, मागचे भोंगे वाजवतात. एवढंच. पुढच्या गुरुवारपर्यंत तेवढंच. घरी कुणी येतं थोडंच!

आणि आता ऐका! गेल्या महिन्यात आमच्या घळीत तार टाकली. घरात इंटरनेट! पुन्हा ती पोरगी. "अभिनंदन, सर! आता अगदी खरंखुरं घरबसल्या! थंडीवाऱ्यात उभं राहायला नको!"

बसलो घरी. काय करणार? स्वयंपाकघरात, खुर्चीवर, हरीण परत खुंटीवर. चित्र कसं स्वच्छ! आवाज कसा खणखणीत! बाई विचारतात, "होबर्ट, तुम्ही आत्ता कुठे आहात?" घरी, बाई. पहिल्यांदा खरं. झोपेचं विचारून झालं, गोळीचं झालं, पोटाचं झालं. मग त्या हळूच म्हणाल्या, "एकटं वाटतं का?"

मी हरणाकडे बघितलं. हरणानं माझ्याकडे बघितलं. ओढ्याचा आवाज येत होता.

म्हटलं, बाई, जरा थांबा... पुलावर जाऊन सांगतो.