राबाचा धूर

सोसायट्यांच्या बागांना मार्क द्यायचं माझं काम, त्यावर तुम्ही हसता. पण गेल्या मे महिन्यात नांदे गावच्या एका सोसायटीत माझी पाचावर धारण बसली होती. रहिवाशांचे फॉर्म गोळा करून मी बागेत उभी होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून धुराचा लोट आला. अध्यक्ष मला घेऊनच तिकडे धावले. खाचरात एक म्हातारे शेतकरी राब भाजत होते. भाताची रोपं टाकायच्या आधी शेण-पाला पसरून जमीन भाजतात ना, तेच.

"आत्ताच्या आत्ता विझवा, नाहीतर पोलिसांना बोलावतो," अध्यक्ष म्हणाले.

"बोलवा की." म्हाताऱ्यांनी हातातला कोयता काही खाली ठेवला नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या बाई कोन?"

"परिसर कसा आहे त्याचे मार्क देते, काका. रहिवाशांना विचारून."

"मंग सगळ्यात जास्त कशाला दिलं त्यांनी?"

मी घाबरत फॉर्म चाळले. "कारंज्याला चार, लॉनला पाच. आणि नऊ... पावसाळ्यात खिडकीतून दिसणाऱ्या तुमच्या हिरव्या खाचराला."

म्हाताऱ्यांनी आगीवर आणखी पाटीभर पाला टाकला आणि अध्यक्षांकडे वळले.

"त्याच नऊ मार्कांची जमीन भाजतोय. सांगा, इझवू?"