दहाही चालू

थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण हे मात्र डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर मी जसंच्या तसं ऐकलंय. शेजारी एक बाई आणि तिच्याच ऑफिसातला प्रोग्रॅमर.

"ताई, घरी चला. तुमचे डोळे ठीक आहेत."

"ठीक कसले? ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटर मशीनचे दहा प्रोसेसर. त्यातला एक तीन आठवडे बंद, आणि मी रोज सकाळी रिपोर्टात 'दहाही चालू' वाचतेय! सोमवारी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, चष्मा बदला, नाहीतर मी माणूस बदलतो."

"रिपोर्टात तेच लिहिलं होतं."

"असं कसं? रिपोर्ट बनवणारी तुझी स्क्रिप्ट रोज मशीनला विचारते ना, कोण चालू, कोण बंद?"

"विचारणारं फंक्शन मी चाचणीपुरतं काढलं होतं. त्या जागी नुसतं वाक्य टाकलं, 'दहाही चालू'. परत बदलायचं राहून गेलं."

"म्हणजे मशीनला कुणी विचारतच नव्हतं?"

"नाही."

"आणि साहेब मला झापत होते तेव्हा?"

"मागेच उभा होतो. तेव्हाच लक्षात आलं होतं."

"त्याच दुपारी माझ्या डब्यातलं खाल्लंस!"

"घशाखाली उतरत नव्हतं, ताई."

"दोनदा मागून घेतलंस की रे."

"...साहेबांना सांगतो मी. उद्या."

"उद्या नाही. मी आत जाऊन येईपर्यंत फोन लाव."

"म्हणजे डोळे तपासणारच?"

"तपासते बाबा. सोमवारपासून रोज तुझं तोंड बघतेय, आणि मला काहीच दिसलं नाही."